तुला न पटलेला निबंध

आत्या, निबंध गेला. पप्पांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, जळक्या तारांच्या वासात बसून मी तो पाठवला आणि पाठवल्या पाठवल्या तुझ्यावर चिडले. तू असतीस तर तो अजून गेलाच नसता. तारीख उलटून गेली असती आणि आपण दोघी पहिल्या वाक्यावरच अडून बसलो असतो. तुझ्या मनासारखा तो झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्याही मनासारखा पुरता झालेला नाही, आणि त्याला कारण तूच आहेस.

तू गेल्यावर घरी येणारी माणसं तुझ्याबद्दल फार चांगलं बोलून गेली. दुसऱ्या अंगणवाडीतल्या एक बाई म्हणाल्या, "सुमनताई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या." आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. चहा द्यायचा होता म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी निघालं असतं.

ऐकून घेणं तुला जमलं असतं तर मागचे कितीतरी महिने माझ्या डोक्याला ताप झाला नसता. मला प्रवेश हवा होता त्या कॉलेजला नुसते मार्क नको होते. तुम्ही कोण, काय शिकायचंय आणि का, हे सातशे शब्दांत इंग्रजीत लिहून द्या, असं त्यांनी कळवलं होतं. निबंध चांगला झाला तर फी माफ होण्याचीही आशा होती. निबंध इंग्रजीत द्यायचा होता, पण भांडण मात्र मराठीत झालं, आणि तेही पंचक्रोशीला ऐकू जाईल असं. काय लिहायचं ते मला माहीत होतं. आधी काय घ्यायचं आणि मग काय, तिथं घोडं अडलं.

पप्पांनी त्यांचं मत एकदाच दिलं. "जसं घडलं तसं लिवायचं. जन्म, शाळा, दहावी, अकरावी." एवढं बोलून ते पुन्हा तांब्याची तार गुंडाळायला लागले. असं मत देणारी माणसं घरात असावीत. देतात आणि विसरून जातात.

मग त्या पुण्याच्या मॅडम. खेड्यातल्या मुलामुलींना अर्ज भरायला मदत करायच्या, फोनवरून, एक पैसा न घेता. त्यांनी मला पहिलाच प्रश्न केला, "जुन्नर म्हणजे, तुमच्याकडे बिबटे असतात ना?" फोन स्पीकरवर होता आणि तू शेजारी तांदूळ निवडत होतीस. तुझे हात थांबले. मला तेव्हाच कळलं, आता काही खरं नाही.

"बिबट्या आधी घाल," फोन ठेवल्या ठेवल्या तू म्हणालीस.

आत्या, मी आजपर्यंत बिबट्या पाहिलेला नाही. आपल्याकडं प्रत्येकाच्या वाट्याला एखादा तरी येतो. कुणाचा उसात, कुणाचा गोठ्याच्या दारात. माझ्या वाट्याला आला तो शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यातला, मोबाइलवर पाहिलेला, मांजराएवढा दिसणारा. तेच मी तुला सांगितलं.

"तू नसंल पायला. मी पायलाय की. माझा घे."

"तुझा मी कसा घेऊ? मी कोण आहे ते लिहायचंय."

"का बरं? माझी साडी नेसून ग्यादरिंगला गेलतीस, तवा कुनी इचारलं का कुनाची हाय म्हनून?"

आणि तुझा तो बिबट्या तरी किती खरा होता? मी लहान होते तेव्हा तो तुझ्या पुढून नुसता रस्ता ओलांडून गेला होता. मी दहावीला गेले तोवर तो बांधावर बसायला लागला. तू आजारी पडल्यावर तर त्यानं तुझ्याकडं वळून बघितलं, आणि तू डोक्यावरचं खिचडीचं पातेलं धरून त्याला म्हणालीस, "हे पोरांचं हाय, तुझं न्हाई." आणखी वर्षभर जगली असतीस तर त्यानंही तुला काहीतरी उत्तर दिलं असतं.

तुझं शास्त्र अंगणवाडीतलं होतं. "गोष्टीत लांडगा पयल्या वाक्याला पायजे. न्हाईतर पोरं उठून मुतायला जात्यात."

"ते प्रोफेसर आहेत आत्या, बालवाडीतली पोरं नाहीत."

"मंग प्रोफेसर उठत न्हाईत व्हय?"

मला विहिरींवर लिहायचं होतं, आणि ते तुला माहीत होतं, कारण त्या विहिरींच्या मागं मला तूच लावलं होतंस. मी नववीत होते. पावसाळ्यात तुझ्या अंगणवाडीतली पोरं सारखी जुलाबांनी आजारी पडत होती. गाव म्हणत होतं, हे बौद्धवस्तीच्या विहिरीचं पाणी. आपली विहीर खोलगट जागेत, काठाला शेवाळ, पाणी हिरवं दिसणारं. वरच्या आळीच्या विहिरीवर आपल्या माणसांना पाणी भरू देत नव्हते त्या काळात आजोबांनी आणि भावकीनं ती खणली. तेव्हापासून तिच्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी ऐकलेलं नाही. वरची विहीर सिमेंटनं बांधलेली, तळ दिसावा इतकी स्वच्छ. मलाही वाटलं, आपलीच विहीर खराब असणार. मी तुला तसं म्हटलंसुद्धा. तू होयही म्हणाली नाहीस आणि नाहीही म्हणाली नाहीस. "जा, घरोघर इचारून ये. कुनाचं लेकरू आजारी, आन घरात पानी कुठल्या हिरीचं," एवढंच म्हणालीस.

मी गेले. वस्तीतल्या घरांतून गेले, वरच्या आळीच्या घरांतून गेले. कुणी पायरीवर बसवलं, कुणी उभ्या उभ्या उत्तर दिलं, एका घरात कुत्रं अंगावर आलं. आणि निघालं ते असं, की आजारी पडणारी पोरं वरच्या विहिरीची होती. नंतर पाण्याचे नमुने तपासून आले तेव्हा कळलं, त्या विहिरीच्या वरच्या अंगाला एका संडासाचा शोषखड्डा खणलेला होता आणि तो जमिनीतून पाझरत होता. वर काहीच दिसत नव्हतं. पाणी जमिनीखालून कुठून कुठं जातं हे मला तेव्हापासून शिकायचंय. निबंधही मला तसाच मांडायचा होता. आधी माझं चुकलेलं उत्तर, मग एकेक घर, मग खरं काय ते, आणि शेवटी मला काय शिकायचंय.

तू ऐकलंस आणि म्हणालीस, "चुकीपासून कुनी सुरवात करतं का? तू प्रवेश मागतीस का माफी?"

मी समजावायला लागले, की असं लिहिलं की वाचणाऱ्याला पुढं काय ते वाचावंसं वाटतं. तर तू जरा आवाज खाली आणून म्हणालीस, "आन पयल्याच वळीत आपल्या हिरीला घान म्हनायचं. चार वळी सोडून मंग चांगली म्हनायचं. चार वळी कोन वाचतंय, प्रज्ञा?"

मी जास्तच चिडले आणि पाय आपटत बाहेर गेले. तुझं हेच होतं. नऊ गोष्टी डोकं उठवणाऱ्या बोलायचीस आणि दहावी अशी, की ती सोडूनही देता यायची नाही.

डायलिसिसला आपण मंचरला जायचो त्या फेऱ्यांमध्ये तरी विषय बंद राहील असं मला वाटलं होतं. एसटीत मी वही काढली की तू खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करायचीस आणि नारायणगाव आलं की विचारायचीस, "मंग? पयलं वाक्य?" हॉस्पिटलमध्ये तर तू मतदानच घेतलंस. शेजारच्या कॉटवर राजुरीचे एक बाबा असायचे. तू त्यांना सगळी हकीकत सांगितलीस, दोन्ही विहिरींसकट, बिबट्यासकट.

बाबा विचार करून म्हणाले, "जन्मापास्नं सांगावं. मूळ सांगितल्याबिगर मानूस कळत न्हाई."

"मी पण तेच म्हनते," तू म्हणालीस. तू तसं कधीच म्हणाली नव्हतीस.

सिस्टरना विचारलंस. त्या म्हणाल्या, बिबट्या भारी आहे. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही निकाल लागला. मी वहीत डोकं घातलं. मग तू म्हणालीस, "हे घे की."

"काय?"

तू हातातल्या नळ्यांकडं मान केलीस. "हे. मशीन. आत्याच्या किडन्या गेल्या, पोरगी शेजारी बसून अभ्यास करती. ह्याच्यापुढं बिबट्या पन नगं."

बाजारात एखादी चांगली वस्तू हाताला लागावी तसा तुझा चेहरा झाला होता. मला ते सहन झालं नाही. मी नको म्हणाले.

"का नगं? माझं हाय, मी देतीय."

"मला नको."

"लाज वाटती व्हय माझी?"

"तसं नाही."

"मंग कसं?"

राजुरीच्या बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. मला सांगता आलं नाही आणि तू पुन्हा विचारलं नाहीस. परतीच्या एसटीत नारायणगावपर्यंत मी वही पिशवीतून काढलीच नाही. स्टँडवर तू मला भेळ घेऊन दिलीस. तुला मीठ बंद होतं, तू नुसती बघत बसलीस. "खा," म्हणालीस, "डोस्कं चालंल." भांडणात माघार म्हणून तू एवढंच द्यायचीस, भेळ.

तेव्हा सांगता आलं नाही ते आता सांगते. तुझा आजार पहिल्या परिच्छेदात घातला, की पुढच्या परिच्छेदांत त्याचं काहीतरी करावं लागतं. निबंध तसाच सोडता येत नाही. तू बरी होणार नव्हतीस, हे डॉक्टरांनी पप्पांना सांगितलं होतं आणि पप्पांच्या तोंडावरून ते मला कळलं होतं. म्हणजे निबंधाच्या शेवटी तुझं जाणं, एवढंच उरलं होतं. ते मला लिहायचं नव्हतं, कारण ते मला व्हायला नको होतं. लाजेचा त्यात काही संबंध नव्हता. ही गोष्ट तुला न समजण्यासारखी होती का? मला वाटतं तुला समजली होती, आणि तरी तू मला ते घे म्हणत होतीस. ह्याच गोष्टीचा मला राग येतो.

त्या सकाळी आपल्याला मंचरलाच जायचं होतं. तू केस विंचरायला आत गेलीस. एसटी चुकेल म्हणून मी अंगणातून ओरडत होते, "आत्या, आवर." दोनदा ओरडले. तू ओ दिली नाहीस, तेव्हा मला वाटलं मुद्दाम करतेस.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि चारेक दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्या खूप सांभाळून बोलल्या. म्हणाल्या, "तुला जमणार असेल तरच हं. पण आत्यांपासून सुरुवात केलीस तर निबंध फार आतून येईल." पप्पा तिथंच होते. त्यांनी तारेवरून नजर न काढता सांगितलं, "आक्काच्या मनात तेच व्हतं. घाल."

म्हणजे तू जाऊनही जिंकलीस. मला इतका वैताग आला, पण मी बसले आणि लिहिला. हॉस्पिटलपासून सुरुवात केली. मशीन, नळ्या, खिडकीतून येणारं ऊन, कॉटवर तू आणि शेजारी वही घेऊन मी. आत्या, तो भराभर झाला. विहिरींच्या वेळी एकेका वाक्याशी मी झटापट करत होते, हा मात्र एका दुपारीत संपला. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मला संशय यायला लागला.

आईला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. आई शेंगा फोडत होती. ती रडली. पदरानं तोंड पुसलं, टरफलं बाजूला सारली आणि म्हणाली, "चांगला झालाय. पन ही कोन हाय?"

"आत्या."

"आत्या आशी व्हती व्हय? ह्यात ती एक शब्द बोलत न्हाई. नुस्ती पडून हाय आन तुझ्याकडं बघती."

मी कागद परत वाचला. आईचं खरं होतं. सातशे शब्दांत तू तोंड उघडलं नव्हतंस. तुला तोंड उघडू दिलं असतं तर तो निबंध तिथंच मोडला असता, कारण तू पहिल्या ओळीलाच म्हणाली असतीस, हे ऊन कुठून आलं, त्या खोलीला खिडकी कुठं व्हती. आणि खरंच, नव्हती. खिडकी मी घातली होती. तुझ्या बिबट्याला हसणारी मी.

मग मी तो निबंध फाडून टाकला. पप्पांना सांगितलं नाही. मॅडमना कळवलं, की मी विहिरींवरच लिहितेय. त्या म्हणाल्या, तुझा निबंध, तुझा निर्णय. भल्या बाई आहेत.

मांडणी मी माझीच ठेवली, चुकीपासूनच सुरुवात केली. पण ते तुझं "चार वळी कोन वाचतंय" काही केल्या डोक्यातून जाईना. पहिलं वाक्य लिहिलं की तेच ऐकू यायचं. शेवटी पहिल्या वाक्यात मी लिहिलं, की आमच्या गावात दोन विहिरी आहेत आणि त्यांतली खराब कोणती हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. आणि लगेच दुसऱ्या वाक्यात सांगून टाकलं, की आमचं सगळ्यांचं चुकलं होतं, आमच्या वस्तीच्या विहिरीत काही खोट नव्हती. मॅडमनी वाचून लिहिलं, "छान आहे, पण सस्पेन्स गेला." मला माहीत होतं. तो तुझ्यामुळं गेला. मला तो शेवटपर्यंत राखायचा होता, घराघरांतून वाचणाऱ्याला फिरवायचं होतं. पण तिथं कुणीतरी चहाचा कप ठेवायला उठलं असतं आणि आपली विहीर त्याच्या डोक्यात घाणच राहिली असती. ही जोखीम मला घेता आली नाही. तुझं एवढं एक मी ऐकलं, आणि नाइलाजानं ऐकलं.

त्याच्या पुढं घरं आली. कुणी बसवलं, कुणी उभं ठेवलं, ते जसं होतं तसं. मग शोषखड्डा, मग जमिनीखालचं पाणी. आणि अगदी शेवटच्या परिच्छेदात तू. मला घरोघर विचारायला पाठवणारी माझी आत्या अंगणवाडीसेविका होती आणि ह्या निबंधाचा क्रम तिला मान्य नव्हता, असं लिहिलं. तू गेलीस हे निबंधात वेगळं कुठंही सांगितलेलं नाही. त्या 'होती'मध्ये आहे तेवढंच.

मुलाखत मोबाइलवर झाली. तिघं जण होते. आपण एवढं भांडलो, राजुरीच्या बाबांपर्यंत विषय नेला, आणि त्यांनी क्रमाबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांतल्या गणिताच्या प्रोफेसरना अकरावीच्या गणितात इतके कमी गुण कसे, ते हवं होतं. मी खरं काय ते सांगितलं, की त्या सहामाहीत घरी आजारपण होतं. कुणाचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आत्याचं. ते तिघंही पुढच्या प्रश्नाकडं वळले. पूर्ण मुलाखतीत तू एवढीच आलीस, आणि तीही गणिताच्या मार्कांवरून. तू असतीस तर त्या गणिताच्या प्रोफेसरचा नंबर मागितला असतास.

प्रवेश मिळाला, आत्या. फीसुद्धा बरीचशी माफ झालीय. कळलं तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ असं वाटलं, की आता हे सांगायचं कुणाला. आईला सांगितलं, पप्पांना सांगितलं, त्यांना आनंद झाला. पण "मी सांगितलं व्हतं" असं म्हणणारं कुणी नव्हतं. ते ऐकायचं मी टाळत आले इतकी वर्षं. नववीत तू मला घरोघर पाठवलं नसतंस तर मी आजही आपल्या विहिरीला नावं ठेवणाऱ्यांतलीच एक असते. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. पण तुला कशाचंही श्रेय दिलं की तू ते आठवडाभर पुरवायचीस, म्हणून राहून गेलं.

त्या दिवशी पप्पांनी दुकान लवकर बंद केलं. घरी येऊन हातपाय धुतले, कपडे बदलले आणि माझ्यासमोर येऊन बसले. "वाच," म्हणाले, "मराठीत सांग." तू गेल्यापासून ते कामापुरतंच बोलत होते. मी वाचायला लागले. दोन विहिरी झाल्या, वस्तीतली घरं झाली, कुत्रं अंगावर आलं. पप्पांनी मध्येच थांबवलं.

"आक्का कवा येनार?"

"शेवटी येते."

मी पुढं वाचलं. शोषखड्डा, नमुने, जमिनीखालचं पाणी. मग शेवटचा परिच्छेद, त्यातली तुझी वाक्यं, आणि संपलं. पप्पा कागदाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील, मी घाल म्हणालो होतो त्याचं काय केलंस.

"इतकी खाली?" ते म्हणाले.

मला राग आला. तू सोडून गेलेलं भांडण आता ह्यांनी हातात घेतलं होतं. मी म्हणाले, "वरती खूप प्रयत्न केला पप्पा. ती तिथं बसतच नव्हती."

पप्पांनी मान वर केली. "ती कुठं बसायची गं कवा," ते म्हणाले, आणि हसायला लागले. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. मलाही हसू आलं, आणि मग दोघांचंही थांबेना.

आईनं आतून विचारलं, "काय झालं वो दोघांना?"

"काय न्हाई," पप्पा डोळे पुसत म्हणाले, "आक्काचं चाललंय."